बेटावरचा शनिवार

मृग बहाराची संत्री निघू लागली की आमच्या पांढुर्ण्याची हवाच बदलते. सकाळी अजून स्वेटर लागतं आणि दुपारी पंखा. मंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर संत्र्यांचे कॅरेट लादलेल्या गाड्या लागतात. एखादं फळ उसळून खाली पडतं, मागच्या चाकाखाली फुटतं, आणि सालीतलं तिखट तेल हवेत उडून सरळ नाकात शिरतं. त्या वासाने इथल्या माणसांना मजूर आठवतात, ट्रक आठवतात, भाव आठवतात. मला समुद्र आठवतो.

परवाही तसंच झालं. तिगावच्या पुढे एका गावात माझं उपकेंद्र आहे. मी तिथली नर्स, गावातली माणसं सिस्टर म्हणतात. स्कूटीवरून जाताना पुढे संत्र्याची गाडी होती, रस्ता अरुंद, तिला ओलांडता येईना. बराच वेळ मी त्या वासाच्या मागेमागे चालले होते. कडेला कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, ऊन चढत होतं. आणि एकाएकी पुढे निळंहिरवं पाणी, तिरके वाकलेले नारळ, आणि एका केळीच्या पानावर भांडं धरून वाकलेली मी.

त्या दिवसाचे फोटो आहेत आमच्याकडे. कोणाला दाखवले तर म्हणतात, काय मजा केली हो तुम्ही अंदमानात! खोटं नाही. फोटोत सगळे हसताना दिसतात. केळीच्या पानावर जेवण आहे, हार्मोनियम आहे, पांढरी वाळू आहे. आतली धडधड तेवढी फोटोत उतरत नाही.

आमची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. केंद्र सरकारच्या एका खात्यात तिला नोकरी लागली आणि पहिलीच पोस्टिंग मिळाली ती पोर्ट ब्लेअरला. तिला सोडताना पांढुर्ण्याच्या प्लॅटफॉर्मवर मी रडले होते. एवढ्या लांब, पाण्याच्या पलीकडे, आपलं असं कोण भेटणार हिला? आणि तिला तिथं भेटलं ते सौंसरचं पोरगं. जेट्टीवर कोणीतरी फोनवर ओरडत होतं, "आई, मी जेवून राहिलो नं! कायले परेशान होतं?" प्रज्ञाने गर्रकन वळून पाहिलं. हजारो कोस लांब आपल्या घरचं बोलणं ऐकलं की माणूस वळणारच. तो निखिल. मोबाइल टॉवरच्या कामावर होता. सौंसर म्हणजे आमच्याकडून तासाभराची बस.

आम्ही बौद्ध. माझे यजमान मिलिंद नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहेत. निखिलचं घर संत्र्याच्या बागांचं, जामसांवलीच्या मारुतीला मानणारं. प्रज्ञाने लग्नाचं आम्हाला सांगितलं तेव्हा मिलिंद एवढंच म्हणाले, "पोरगं चांगलं असन. पण त्याचं घर?" तिकडे निखिलच्या वडिलांनी, सुरेशभाऊंनी, फोनवर त्याला सांगून टाकलं होतं, "त्या पोरीले घरात आणशीन तर मले बाप म्हणू नको."

त्यानंतर काही महिने कोणी काही बोललं नाही. मग फेब्रुवारीत प्रज्ञाचा फोन आला. "आई, या नं दोघं. समुद्र पाहून जा." आम्ही गेलो. मी घरून बेसन आणि काळा मसाला बांधून घेतला, कारण तिने पाटोडी मागितली होती. बेसनाच्या पातळ वड्या आणि तिखट रस्सा, तिला लहानपणापासून जीव की प्राण.

शनिवारी सकाळी एका लहान बेटावर जायचं ठरलं. जेट्टीवर गेलो तर निखिल उभा, शेजारी त्याचे आईवडील. त्यांनाही त्याने समुद्र पाहायला म्हणूनच बोलावलं होतं. निखिलची आई कुसुमताई संत्र्यांची थैली छातीशी धरून उभ्या होत्या. सुरेशभाऊंनी आमच्याकडे पाहिलं, मग पोराकडे.

"हे काय होय?"

"बाबा, फिराले आलो आपण."

"मी वापस जातो."

पण मागून लोक ढकलत होते, बोटीचा भोंगा वाजत होता, आणि कुसुमताई एव्हाना फळीवर पाय ठेवून आत गेलेल्या. त्यांच्या मागे सुरेशभाऊंना जावंच लागलं.

बेटाची एक गोष्ट असते. तिथून रागारागाने निघून जाता येत नाही. संध्याकाळची बोट येईपर्यंत जे आहे ते, ज्यांच्यासोबत आहे त्यांच्यासोबत. पोरांनी बेट कशासाठी निवडलं ते मला तेव्हा कळलं. बोटीत प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते.

"आई, आजचा दिवस बिघडला तर मी निखिलला नाही म्हणून सांगणार आहे."

"असं कसं?"

"आईबाप तोडून आलेला नवरा मले नको. तो जन्मभर मागं वळून पाहीन."

ती शांतपणे बोलली, म्हणून मला जास्त भीती वाटली. खाली पाणी इतकं नितळ होतं की तळाचे दगड दिसत होते, आणि मला एकही नीट दिसेना.

बेटावर एका बंगाली बाईंकडे पोरांनी दिवसभरासाठी जागा घेतली होती. त्यांना सगळे बौदी म्हणत, म्हणजे वहिनी. कौलारू घर, समोर ओसरी, ओसरीसमोर नारळ आणि लगेच वाळू. बौदींनी स्वयंपाकघर मला देऊन टाकलं. कुसुमताई दारात घुटमळल्या. आत यावं की नाही, हे त्या नवऱ्याच्या पाठीकडे बघून ठरवत होत्या. शेवटी दारातच पाट टाकून लसूण सोलायला बसल्या. अर्ध्या उंबऱ्याच्या आत, अर्ध्या बाहेर.

बाहेर पुरुषमाणसं बसलेली. निखिल उगाच समुद्राबद्दल काहीबाही सांगायचा, त्याला कोणी हूं म्हणत नव्हतं. तेवढ्यात सुरेशभाऊंना बौदींच्या ओसरीवरची हार्मोनियम दिसली. ते गावच्या भजनमंडळाचे मुख्य. बोटं थोडा वेळ आवरली असतील त्यांनी, मग पेटी पुढे ओढली. आवाज मोठा गोड होता त्यांचा. मारुतीचं भजन सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्याला ठेका आला. मिलिंदनी पाण्याचा रिकामा कॅन मांडीवर घेतला होता. आमच्या मोहल्ल्यात जयंतीच्या गाण्यांना ढोलकी तेच वाजवतात. प्लॅस्टिकच्या त्या कॅनमधून त्यांनी असा नाद काढला की बौदी मासळी धुता धुता हात तसेच ओले ठेवून बाहेर गेल्या.

भजन संपलं तसं मिलिंदनी बुद्धाचं गाणं उचललं. माझा हात परातीत थांबला. पण सुरेशभाऊंनी क्षणभर ऐकलं, सूर शोधला आणि साथीला लागले. एकदाही चुकले नाहीत. गाणं संपल्यावर त्यांनी मिलिंदच्या खांद्यावर थाप मारली.

"काय हात आहे राजा तुमचा! आमच्या मंडळात असा ढोलकीवाला नाही कोणी."

मी आत पाटोडी थापत होते. कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, जमलं! खरंच वाटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत किती घरांचे उंबरे पाहिले, कोण सुईसाठी हात पुढे करतं आणि चहाचा कप वेगळा ठेवतं हे मला न सांगता कळतं. तरी त्या वेळी मी भुलले. रश्श्याला उकळी आली होती, वर तेलाचा लाल तवंग, बाहेर पेटी, आणि माझी मुलगी ओसरीवर केळीची पानं पुसत गुणगुणत होती.

पानं मांडली. आधी सुरेशभाऊंच्या पानावर मीठ, लिंबू, मग मी स्वतः रश्श्याचं भांडं घेऊन वाकले. त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"मले उपास आहे."

 

"बाबा," निखिल म्हणाला, "तुमचा उपास तर मंगळवारी असते."

"आता शनिवारही धरून राहिलो."

प्रज्ञा उठली. तिने एक शहाळं आणलं, चार केळी आणली. "काका, हे तर चालते नं उपासाले?"

"माया उपास निर्जळ आहे," ते म्हणाले. "सूर्य मावळेपर्यंत काहीच नाही."

ढोलकीवरचा हात चालला होता. रश्श्यातला चालला नाही. मी भांडं धरून तशीच वाकलेली. हात भाजत होता, पण खाली ठेवणं सुचत नव्हतं. मिलिंद आपल्या पानाकडे बघत होते, मान खाली. त्यांना मी तसं बघितलेलं नाही कधी. प्रज्ञाने निखिलकडे पाहिलं आणि नजर समुद्राकडे नेली. त्या नजरेत मला तिचा निर्णय दिसू लागला.

तेव्हा कुसुमताई उठल्या. घरी त्या नवऱ्याच्या आधी कधी जेवत नाहीत, हे मला नंतर कळलं. त्या येऊन नवऱ्याच्या शेजारच्या पानावर बसल्या, पदर खोचला, आणि म्हणाल्या, "ताई, मले वाढा. भूक लागली."

मी वाढलं. त्यांनी खाल्लं. एकेक घास, नवऱ्याच्या शेजारी बसून. सुरेशभाऊ उठले, चपला पायात अडकवल्या आणि एकटेच वाळूवरून चालू लागले.

जेवणं झाली म्हणायची, झाली. बौदींची मासळी तशीच उरली. दुपार कलायला लागली तरी सुरेशभाऊंचा पत्ता नव्हता. भांडी विसळताना कुसुमताई माझ्याजवळ सरकल्या. आवाज एकदम खाली.

"ताई, सकाळी शुगरची गोळी घेतली हो त्याइनं. बोटीत दोन बिस्कुटं, त्याच्यावर काही नाही पोटात."

माझ्या हातातली ताटली सुटली. गोळी घेऊन माणूस उन्हात, निर्जळ! आम्ही दोघी निघालो. पोरांना काही सांगितलं नाही, सांगायला वेळही नव्हता. वाळूत पाय रुतत होते, कुसुमताईंना चालवत नव्हतं, आणि किनारा इतका सुंदर की राग यावा. माणसं पाण्यात हसत होती. कोणाच्या तरी स्पीकरवर हिंदी गाणी चालू होती. एका वळणापलीकडे, झाडाच्या मुळांना टेकून सुरेशभाऊ बसले होते. शर्ट घामाने चिकटलेला. हात थरथरत होते. कुसुमताईंना पाहून त्यांनी शिवी दिली, मग त्यांनाच कळेना आपण काय बोललो. "मोटर बंद करा," म्हणाले. "पाणी वाया जाऊन राहिलं." बागेतल्या मोटरीबद्दल बोलत होते.

मी पळाले. एक शहाळंवाला होता, त्याच्याकडे खोक्यात गोड पेयाच्या बाटल्या. हाताला लागली ती उचलली. झाकण दातांनी काढलं की हातांनी, आठवत नाही. त्यांच्या मानेखाली हात घातला आणि बाटली ओठांना लावली. "घ्या भाऊ. हळू. अजून. गिळा." ते प्यायले. थोडं हनुवटीवरून शर्टावर सांडलं, भगवं. मग उरलेलं प्यायले. मी नाडी धरून बसले. कुसुमताई दुसऱ्या बाजूने त्यांचा खांदा धरून होत्या, आणि पुटपुटत होत्या ते मारुतीचं नाव होतं की नवऱ्याचं, कळत नव्हतं.

हळूहळू हात थांबला. डोळ्यांत माणूस परत आला. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, तिच्यावर रंगीत संत्रं छापलेलं. म्हणाले, "याच्यात संत्रा नाही बिलकुल."

कुसुमताई हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या.

 मग सुरेशभाऊ म्हणाले, "सिस्टर, पोराइले सांगू नका."

"पेशंटचं मी बाहेर सांगत नाही," मी म्हणाले. "पण एक विचारते. उपास होता का?"

त्यांनी वाळू मुठीत घेतली, सोडली. 

"नव्हता."

"मग?"

"इथं मले कोण पाहून राहिलं? इथं मी खाल्लं असतं. बाईनं रस्सा केला, वास येऊन राहिला होता मले पेटी वाजवताना." त्यांनी तळहाताची वाळू झटकली. "पण इथं खाल्लं तर तिथं खावं लागन. तिथं माया मोठा भाऊ आहे, गाव आहे. इथं हो म्हणून तिथं नाही म्हणणारा माणूस मी नाही. अन् तिथं हो म्हणाची ताकद नव्हती मायात. म्हणून मंग..."

मला खूप बोलायचं होतं. ज्याच्यासाठी मी आत्ता धावले, त्याला ऐकवण्यासारखं माझ्याकडे खूप होतं, पिढ्यांचं साठलेलं. पण माझी मुलगी तिकडे ओसरीवर बसली होती, आणि मला तिच्यासाठी एकच गोष्ट हवी होती.

"भाऊ, खाऊ नका. ते तुमचं तुम्ही पाहा. पण माझ्या पोरीसमोर मारुतीला पुढं करू नका. नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा. तिला खोट्यावर काही ठरवू देऊ नका."

ते माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच सरळ पाहिलं असेल. मग उठले, एका हाताने कुसुमताईंचा आधार घेत.

ओसरीवर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं, बोटीची वेळ जवळ आलेली. शर्टावरचा भगवा डाग सगळ्यांना दिसत होता. सुरेशभाऊ बसले नाहीत. उभ्यानेच, प्रज्ञाकडे पाहून बोलले.

"पोरी, उपास नव्हता. मी खोटं बोललो. माया हातच उचलला गेला नाही."

निखिलने मान फिरवली. मिलिंदनी डोळे मिटले. मी प्रज्ञाकडे बघत होते. ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, खोटंच राहिलं असतं तर आजच संपलं असतं. खरं सांगितलं तुम्ही, तर थांबता येते."

परतीच्या बोटीत कोणी गायलं नाही. कुसुमताईंनी संत्री सोलून सगळ्यांना फोडी दिल्या. पाणी काळं होत गेलं. मी विचार करत होते, आजचा दिवस बिघडला की जमला? आजही मला धड सांगता येत नाही. अपमान झाला हे खरं. आणि त्या अपमानाला कोणी गोड नाव दिलं नाही, हेही खरं. आमच्या भागात पहिलं नेहमीचं आहे. दुसरं मी तोवर पाहिलं नव्हतं.

ती दोघं थांबली. वर्ष गेलं. पुढच्या हंगामात, असेच कॅरेट रस्त्याने जात असताना, मिलिंदचा फोन वाजला. पलीकडे सुरेशभाऊ. "संत्र्याची तोड सुरू आहे. रविवारी बागेत रोडगे आहेत. दोघंही या. गावाले सांगितलं मी."

आम्ही गेलो. पोरं पोर्ट ब्लेअरलाच होती. सौंसरवरून आत, लोधीखेड्याच्या बाजूला त्यांची बाग. झाडांखाली फळांचे ढीग, गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा धूर, चुलीवर वांग्याची भाजी आणि फिकं वरण रटरटत होतं. जमिनीवर पत्रावळींची लांब ओळ मांडली होती. आणि अर्धी ओळ रिकामी. भजनमंडळातले मोजके आले होते. थोरला भाऊ मोटरसायकलवर बांधापर्यंत आला, ओळीत मिलिंदला बसलेलं पाहिलं, गाडी वळवली आणि गेला. सुरेशभाऊंनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. रिकाम्या पत्रावळी वाऱ्याने उलटत होत्या, त्यांनी त्या एकेक उचलून बाजूला ठेवल्या, आणि मिलिंदच्या मांडीला मांडी लावून बसले.

कुसुमताईंनी वाढलं. माझ्या पानावर रोडगा, त्यावर तूप, शेजारी वांग्याची भाजी. सगळे जेवायला लागले. आणि माझा हात उचलला जाईना.

मला काय झालं ते मलाच कळेना. माझी आई तरुणपणी अशाच बागांमधून तोडीला जायची. तिला भाकर मिळायची ती वरून टाकलेली, पाणी मिळायचं ते ओंजळीत ओतलेलं, आणि बसायची जागा बांधाच्या पलीकडची. ती कधी रडून सांगत नसे, सहज सांगायची, पाऊसपाण्यासारखं. आजवर मी एकच पाहत आले होते, हे लोक आपल्या हातचं खातात की नाही. मी त्यांच्या हातचं खाऊ शकते की नाही, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही नाही. आता तो पानात वाढलेला होता, वाफा निघत होत्या, आणि ओळीतली माणसं एकेक करून थांबून माझ्याकडे बघायला लागली होती. मिलिंदनी कोपराने हळूच ढोसलं. मी बघितलंही नाही तिकडे.

सुरेशभाऊंचा घास हातातच राहिला होता. त्यांना सगळं समजलं असावं. त्यांनी घाई केली नाही. विहिणीला आमच्याकडे ईनबाई म्हणतात. लग्न व्हायचं होतं, तरी ते तसंच म्हणाले.

"ईनबाई, जमन तवा घ्या. आमी थांबतो."

आणि घास पानात ठेवून ते खरंच थांबले. ओळ थांबली. चुलीत लाकूड फुटलं, कुठेतरी झाडावरून एक फळ गळालं.  मी आईला मनातल्या मनात काहीतरी म्हणाले, ते इथे लिहिता येणार नाही. मग रोडगा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला.

भाजीत मीठ जास्त झालं होतं. मी चावून गिळलं आणि तसं सांगितलं.

"हाव," सुरेशभाऊ म्हणाले, "मीच टाकलं." आणि वाडगं उचलून माझ्या पानात वरण वाढलं.